मळक्या आवाजाची यादी

प्रिय विरेश,

निकिताच्या मोबाईलवर पाठवलेली गिटारच्या सामानाची यादी तुला मिळाली असेलच. स्वतः विचारायला तोंड नव्हतं म्हणून होणाऱ्या बायकोला पुढे केलंस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. रविवारी पुण्याच्या स्टुडिओवाल्यांसमोर तुला आपल्या गाण्यातला तो ग्रंज रॉकचा मळका, खरखरीत आवाज काढून दाखवायचाय. निघाला तर करार, नाही तर परत परभणीला, वडिलांच्या कापडदुकानात. गाण्यात गिटार माझी आणि नाव तुझं, हे त्यांना कुठे ठाऊक आहे!

यादीत खोटं काही नव्हतं. बारा हजारांत जुनी, जाड पिकअपची गिटार आणि आवाज फाडणारा साधा डिस्टॉर्शन पेडल, एवढ्यावर शिकणारी पोरं वर्षानुवर्षं मजेत वाजवतात. चाळीस हजारांत बरी गिटार, आणखी खरखर देणारा फझ पेडल आणि लहान अँप्लिफायर. दीड लाखाचा ट्यूबचा अँप मात्र मी तुझ्याकडे बघूनच लिहिला होता. हात चालत नसला की तू सामान वाढवतोस. तू नेमका तोच घेतलास. निकिताने फोटो पाठवला तेव्हा लय हसले मी.

आपलं लग्न ठरत आलं होतं तेव्हा तू म्हणालास, "आमच्या घरात बाईच्या गळ्यात गिटार चालायची न्हाई, त्रिवेणी." मी गिटार सोडली नाही, तू मला सोडलंस आणि जाताना आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंगही घेऊन गेलास. तीन वर्षं झाली. मला अजून तुझा राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आता खरं सांगते. तो आवाज पेडलचा नव्हताच. रेकॉर्डिंगच्या दिवशी तू चहा आणायला गेलास आणि मी दत्तराव मंडपवाल्यांच्या भंगारातल्या स्पीकरच्या कागदी पडद्याला ब्लेडने तीन चिरा दिल्या. "पोरी, फाटक्या डब्यावानी वाजायलाय की!" म्हणत दत्तराव कानावर हात ठेवून उभे होते. तू आलास, आवाज ऐकून खूश झालास, आणि तो कुठून आला हे विचारलंही नाहीस.

हे फोनवर एका ओळीत सांगता आलं असतं, म्हणूनच कागदावर लिहिलं. आज शनिवार आहे आणि पत्र साध्या टपालाने पिंगळीहून टाकतेय. तू वाचशील तोवर रविवार होऊन गेलेला असेल. दोन रुपयांच्या ब्लेडवाचून हरलास, हे तुला कळल्याशिवाय राहू नये, एवढंच मला हवं होतं.

'तुझीच' लिहायची सवय मोडलेली,
त्रिवेणी