बर्फातला महारुद्र

उमरगा

ती. अक्कास बसवेशचा वाकून शरणार्थी, दाजींनाही सांग. तुझं गुडघ्याचं कसं काय? परंड्याच्या त्या डॉक्टरनं दिलेल्या तेलानं फरक पडला का, ते कळव. इकडं आम्ही सगळे खुशाल. (पत्रात असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर घरात एकटा इन्व्हर्टर तेवढा ठीक आहे.) फोन सोडून ह्याला पत्राचं काय सुचलं, म्हणून तू कपाळाला हात लावशील. पण अक्का, घरात फोन वाजला की आपली अव्वा तो स्पीकरवर लावते, आणि मग शेजारचे धोंडप्पाकाकासुद्धा खिडकीतून मध्ये बोलतात. मला जे सांगायचंय ते खिडकीतून बोलण्यासारखं नाही.

तर मागच्या आठवड्यात पुण्याहून शिवप्रिया नावाची एक मुलगी आली. मूल व्हावं म्हणून ज्यांनी दवाखान्यात उपचार घेतले, त्यांचं आणि त्यांच्या घरादाराचं पुढं काय झालं, यावर ती संशोधन करतीय. ज्यांना झालं त्यांचंही, नाही झालं त्यांचंही. सोलापूरच्या दवाखान्यानं आम्हा नवरा-बायकोला विचारलं, शिवरंजनी हो म्हणाली. मला वाटलं, चला, इतकी वर्षं आम्ही दारोदार विचारत हिंडलो, आता कुणी तरी आम्हाला विचारायला येतंय. त्या मुलीची अट एकच, शिवरंजनीशी एकटीशी बोलायचं. आता आपल्या घरात पाहुण्याला असं एकटं सोडायचं म्हणजे त्याचा अपमानच की! अव्वा चुरमुऱ्यांच्या सुसल्याची ताटली घेऊन समोर मांडी घालून बसली ती हलेचना. मी काय परकी हाय का, म्हणाली. तिला सोबत म्हणून शेजारच्या काकू आल्या, काकूंना बोलवायला काका आले आणि बसलेच. मग इतक्या माणसांना चहा नको का? तो करायला शिवरंजनी उठली. म्हणजे जिची मुलाखत, ती गॅसपाशी, आणि बाकी सगळे मुलाखतीला.

त्या मुलीनं विचारावं, इंजेक्शनांचा त्रास झाला का? की अव्वा लगेच, छ्या, आमची सून लई धीराची! (उशीत तोंड खुपसून रडायची ती, अव्वाला काय माहीत.) तिनं विचारावं, झोप लागते का? की काकांनी स्वतःच्या झोपेचं गाऱ्हाणं सुरू करावं, त्यातून गॅसेसवर, गॅसेसवरून हरभऱ्याच्या डाळीवर. पोरगी बिचारी मान हलवून सगळं टिपून घेत होती. उद्या पुण्यात कुणी वाचलं तर म्हणेल, उमरग्यात वंध्यत्वाचं कारण हरभऱ्याची डाळ. शेवटी मी तिला आणि शिवरंजनीला आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं, की इथं तरी निवांत बोला. तर क्लचप्लेटसाठी थांबलेला हुमनाबादचा एक ट्रक ड्रायव्हर दारातूनच कानडीत सांगायला लागला, आपल्या मेव्हणीला कुठल्या झाडाच्या पाल्यानं गुण आला ते. आणि माझं डोकं बघ, मी त्याचं मराठी करून दिलं! तोवर अव्वा पाणी द्यायच्या निमित्तानं तिथंही हजर, मागोमाग काकाही.

आणि आल्या आल्या तिनं महारुद्राचा विषय काढला. तुला अर्धवट माहीत आहे, नीट सांगतो. दवाखान्यात आमचे तीन गर्भ तयार झाले होते. दोन शिवरंजनीच्या पोटात ठेवून बघितले, दोन्ही टिकले नाहीत. तिसरा सोलापूरला गोठवून ठेवलाय. डॉक्टरांनी पडद्यावर एक ठिपका दाखवला, आणि त्या दिवसापासून अव्वा त्या ठिपक्याला महारुद्र म्हणते. (मुलगी असेल हा विचारच नाही.) आपल्याकडं लाइट गेली की आधी विचारते, सोलापूरला हाय का रे? गेल्या थंडीत तिनं एक कुंची शिवली आणि दवाखान्यात नेऊन दे म्हणाली. मी नेली गं, नाही कसं म्हणणार? तिथली नर्स हसली नाही, घडी घालून कपाटात ठेवली तिनं. ती हसली असती तर बरं झालं असतं, मला बाहेर येऊन गाडीत रडू फुटलं नसतं.

तर अव्वानं त्या मुलीला विचारलं, आमचं लेकरू तिकडं गारठ्यात पडलंय, त्याचं काय शोधलंत का? ती मुलगी सरळ बोलली. म्हणाली, आजी, असं गोठवून ठेवलेल्यातून पुष्कळ लेकरं जन्मतात, चांगली वाढतात. पण सगळेच गर्भ रुजत नाहीत, आणि तुमचा रुजेल का हे मलाच काय, कुणालाच सांगता यायचं नाही. अव्वानं ह्यातलं पहिलं तेवढं ऐकलं, मी दुसरं तेवढं. शिवरंजनीनं काय ऐकलं ते माहीत नाही, ती काकांसाठी पाणी आणायला उठली होती.

अक्का, आता मला होत नाही. दवाखान्याचा निरोप आलाय, महिनाअखेरीला सांगा, ठेवायचा, वापरायचा की सोडून द्यायचा. परत ती वाट बघणं, परत तो फोन, परत घरात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. देवाशप्पथ सांगतो, माझ्यातलं सगळं संपलंय.

तुझा,
बसवेश

ता. क. : खरं काम हे. तू दोन दिवस ये आणि अव्वाला सांग, की महारुद्राचा नाद सोड, आम्ही थांबतोय. तुझं ती ऐकते. शिवरंजनीला विचारायची गरज नाही. ती पार थकलीय, तिलाही हेच पाहिजे. मला कळतं तिचं.

ता. क. २ : अक्का, शरणार्थी. मी शिवरंजनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. माझी उत्तरं अव्वा देत्यात म्हणून हे हसले, अन् शेवटी ह्यांनीबी माझं उत्तर देऊनच टाकलं. त्या पोरीला एसटीत बसवायला मी गेलते, तिथं तिनं मला एकटीला विचारलं. मी सांगितलं, अजून एकदा जायचंय. टिकेल असं मलाबी वाटत न्हाय. तरी जायचंय. तुम्ही याच, पण अव्वांना काही सांगू नका. ह्यांना सांगा.