आठ मिनिटांचा क्लच

पर्शोर, ९ सप्टेंबर

प्रिय इमोजेन,

गाडी चालू झाली. ही बातमी आधीच देऊन टाकतो, कारण कुठलंही पत्र हातात पडलं की शेवट आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. या वेळी मात्र म्हाताऱ्या बापावर उपकार कर आणि ओळीने वाच. नवा क्लच मी आणि शेजारच्या क्लेमेंटने मिळून आपल्या गॅरेजात बसवला. एकोणीस दिवस लागले. तुमच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात याच कामाला आठ मिनिटं लागली, मी स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून मोजली आहेत.

हो, पाहिला मी तुमचा कार्यक्रम. कधीच बघणार नाही म्हणून जूनमध्ये मोठ्या तोंडाने सांगितलं होतं खरं, पण क्लेमेंटने बोलावलं आणि वर त्याच्या बायकोने मटणाची पाई भाजली होती. तुमचा तो मेकॅनिक माणूस चांगला दिसतो, पण त्याच्या नखांत काळं कसं नाही? गाडी वर गेली, संगीत सुरू झालं, जुना क्लच बाहेर, नवा आत, मग गाडीवरची चादर ओढली आणि मालक डोळे पुसायला लागला. क्लेमेंट म्हणाला, क्लच एवढ्यात बसत असेल तर मी पण रडेन. शेवटी नावं सरकायला लागली. 'संकलन' या शब्दापुढे तुझं नाव आलं आणि मी वाचेपर्यंत गेलंही. क्लेमेंटने ते मागे नेऊन थांबवलं. मी बराच वेळ बघत बसलो. फार अभिमान वाटला गं. हे त्याच दिवशी फोनवर सांगायला हवं होतं, तर मी तुला पावसाचा अंदाज सांगितला.

जूनपासून आपण तेच करतोय. रविवारी फोन, पाऊस, माझा गुडघा, ठेवतो. तू त्या दिवशी किती उत्साहाने आली होतीस. म्हणालीस, कार्यक्रमवाले आपल्याच गॅरेजात येतील, क्लच बदलतील, सीटं नवी करतील, रंग देतील, आई गेल्यापासून बंद पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येईल. आणि मी तुला घरात येऊन धड बसूही दिलं नाही. दारातच म्हणालो, तुझ्या आईचं मरण टीव्हीवर मांडायला काढू नकोस. तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. तू आणलेली स्ट्रॉबेरी मी तीन दिवस फ्रिजमध्ये तशीच ठेवली आणि मग टाकून दिली.

असो, कामाचं ऐक. आपल्या गाडीची खोड तुला ठाऊक आहे, क्लच बदलायचा म्हणजे सगळं इंजिन उचलून बाहेर काढायचं. त्यासाठी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची क्रेन आणली. आणली म्हणजे सेक्रेटरी विल्फ स्वतः ती ट्रेलरवर घालून घेऊन आला. त्या क्रेनला एक वही बांधलेली असते, ती तू लहानपणी पाहिली असशील, तेलाच्या डागांनी काळी झालेली. तिचा नियम विल्फने मला पाद्र्याच्या आवाजात वाचून दाखवला. काय दुरुस्त केलं ते या वहीत लिहायचं नाही, काय चुकलं ते लिहायचं, शाईने, खाली नाव घालून. चूक सुधारली की पुढचा माणूस त्याखाली सही करतो आणि क्रेन घेऊन जातो. तोवर क्रेन जागची हलत नाही. चाळीस वर्षांच्या चुका आहेत त्यात. मी पहिला दिवस नुसता वाचण्यात घालवला आणि खूप हसलो. एकाने गाडी बाहेर काढता येणार नाही अशा बेताने गॅरेजची भिंत बांधली होती.

मग तो बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा अगदी वरचा, डोळ्यांना न दिसणारा, हात पिरगाळून बोटांनी चाचपावा लागणारा बोल्ट. दीड दिवस घेतला त्याने. रेडिओवर क्रिकेट चालू, क्लेमेंट गाडीखाली, मी वरून ओणवा, आणि दोघं एकमेकांना सांगतोय की पाना तुझ्याकडे आहे. बोल्ट सुटला तेव्हा मी क्लेमेंटला मिठी मारली, तीसेक वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. तो म्हणाला, "सोड आता, बायको खिडकीतून बघतेय." तुमच्या कार्यक्रमात असला बोल्ट का नसतो? तूच कापतेस की काय?

इंजिन बाहेर आलं, झिजलेली क्लचप्लेट काढली, नवी हातात घेतली, आणि चार वाजले. चार वाजता क्लेमेंट थांबतो. राणी स्वतः दारात उभी राहिली असती तरी त्याने आधी चहा घेतला असता. मी प्लेट प्लमच्या रिकाम्या खोक्यावर ठेवली. दोन दोन कप झाले, बिस्किटं झाली, प्लमच्या जॅमवरून वाद झाला. परत आलो आणि प्लेट जशी पडली होती तशी उचलून बसवली. कोणती बाजू इंजिनाकडे ते तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमचे दोघांचेही चष्मे चहाच्या ट्रेवर राहिले होते. पुढचे सहा दिवस आम्ही मन लावून उलटी प्लेट गाडीत बंद करत होतो.

इंजिन सुरू झालं. मी क्लच दाबला, गिअर टाकला, आणि आतून असा करकराट निघाला की वरच्या फळीवरचं मांजर पळालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. क्लेमेंट किटली ठेवायला गेला.

दुसऱ्यांदा सगळं सोडवायला घेतलं. त्या वरच्या बोल्टपाशी पोचलो तेव्हा क्लेमेंट गाडीखालूनच बोलायला लागला. जूनमध्ये स्टेशनवर जायच्या आधी तू कुंपणापाशी थांबली होतीस म्हणे. तू त्याला म्हणालीस, "क्लेमेंटकाका, मला आईचं दुःख दाखवायचं नव्हतं. मला रजाच मिळत नाही. शूटिंगच्या निमित्ताने आठ दिवस बाबांबरोबर गॅरेजात काढता आले असते."

माझ्या हातून पाना खाली पडला, नशिबाने क्लेमेंटच्या शेजारी. मी विचारलं, तीन महिने गप्प का बसलास? तो म्हणाला, "तिने शपथ घातली होती. पण तुझ्याबरोबर दोनदा इंजिन काढायचं म्हणजे शपथ पाळणं जड जातं." मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो आणि रडलो, इमोजेन. कॅमेरा नव्हता, संगीत नव्हतं, क्लेमेंटचे पाय तेवढे दिसत होते.

मी का चिडलो तेही आज सांगतो. तू नवीन सीटं म्हणालीस आणि मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. तुझ्या आईच्या, माझ्या नेस्टाच्या सीटला एका बाजूला खळगा पडलाय, ती नेहमी खिडकीकडे कलून बसायची त्याचा. तो भरून निघाला तर माझ्याकडे काय उरेल, याचीच भीती वाटली. तुझंही तिथे काही आहे, दोघांच्या मधल्या जागेत पाय दुमडून तू बसायचीस, हे मला सुचलंच नाही.

प्लेट या वेळी चष्मा लावून बसवली, तीनदा वाचून. दुसरी खेप पाच दिवसांत उरकली. काल दुपारी गाडीचा कापडी टप खाली करून दोघं ब्रेडनच्या टेकडीकडे निघालो. क्लच असा हळुवार धरतो की मी उगाचच गिअर बदलत राहिलो. पुलावर क्लेमेंटची टोपी उडून नदीत पडली आणि तो म्हणाला, थांबू नकोस, वीस वर्षं बायको ती टाकून द्यायला सांगतेय. इतका हसलो की गुडघा दुखायचा राहिला. नेस्टाच्या जागेवर तो बसला होता आणि मला वाईट वाटलं नाही.

आता खरी अडचण. आज सकाळी विल्फ क्रेन न्यायला आला. त्याची स्वतःची गाडी महिनाभर ठोकळ्यांवर उभी आहे. त्याने वही उघडली. माझी पहिली नोंद होती, चहानंतर प्लेट उलटी बसवली. त्याने हसत सही केली. खाली मी काल रात्री आणखी एक लिहिली होती, शाईने, नाव घालून: 'मुलगी मदतीला आली होती. तिला दारातून परत पाठवलं.' विल्फने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "ही अजून सुधारलेली नाही. नियम तो नियम. क्रेन इथेच राहणार." आणि रिकामा ट्रेलर घेऊन गेला. तेव्हा ये. शनिवारी साडेअकराच्या गाडीने ये, मी स्टेशनबाहेर टप खाली करून उभा असेन, पाऊस असला तरी. मागचे ब्रेक करायचे आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही. मला माफ कर. विल्फ बिचारा खोळंबलाय, निदान त्याच्यासाठी तरी ये असं लिहिणार होतो, पण त्याचं नाव मी उगाच पुढे करतोय. माझ्यासाठी ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा