‘छान’ लिहू नये

राजोडी

प्रिय स्टॅनी,

थोरल्या बहिणीचा, बेटीचा जय येशू. गुडघा कसा आहे? त्या कुवेतच्या गारेगार एसीत तो दुखणारच, पण तू माझं ऐकशील तर ना. इकडे मी बरी, केळी बरी, मांजरीला पिल्लं झाली.

तर आपल्या दोघांच्या नावावरचं बावखल (तिकडे राहून विसरला असशील तर आपलं गोड्या पाण्याचं तळं) बुजवून पलीकडच्या मार्कला तिथे त्याच्या कॉटेजवाल्या पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या आहेत. मी नको म्हटलं, तर म्हणतो, आंटी, त्या डबक्याची पडलीय कोणाला? म्हणून मी फेसबुकवर बावखलाबद्दल लिहायला लागले. म्हटलं, लोकांनाच बोलू दे. लोक बोलले. ‘छान.’ ‘अप्रतिम.’ जोडलेले हात, गुलाब. फोटोतली कमळं बघून एकाने तर भावपूर्ण श्रद्धांजलीच वाहिली. विरारच्या कुणा कल्पेशने विचारलं, स्विमिंग पूल किती फूट खोल आणि नाश्ता धरून रेट काय? (मी कळवलं, नाश्त्याला बेडूक आहेत.)

शेवटी वैतागून लिहिलं: ‘छान’ लिहू नये, स्वतःला आठवतं तेवढंच लिहावं. झालं! जो तो आपला आजा बावखलात पडल्याचं लिहायला लागला. एवढे आजे पडले की पाण्याला जागाच उरली नसती. पहिला कोणाचा पडला, यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. पण त्या गोंधळातच पाड्यावरच्या कृष्णाबाईंनी सुनेकडून, उन्नतीकडून, लिहवून घेतलं: ‘विहीर आटली तवा आमी हितलंच पानी प्यालो. बेटीचा बाप कदी कोनाला नाय बोलला नाय.’ स्टॅनी, मी भर दुपारी ओट्यावर बसून रडले रे. पप्पांबद्दल एवढं चांगलं तर त्यांच्या मयताला फादरसुद्धा बोलले नव्हते. त्यानंतर मात्र माणसं खरंच आठवून लिहायला लागली.

तुझी,
बेटी

ता. क. गुडघ्याला खोबरेल गरम करून लाव. थंड नको.

ता. क. दुसरा : मार्कने फेसबुकवर माझ्या लिहिण्याखालीच लिहिलं होतं, ‘बुजवून पार्किंग केलं तर गावाचं भलं होईल.’ त्यावर तू अंगठा लावलास. न वाचता लावलास, हे मला कळतं; तू मयताच्या बातमीवरही लावतोस. पण तो आता ‘स्टॅनी अंकलचा अंगठा आला’ म्हणत मोबाईल घेऊन गावभर फिरतोय. तेव्हा मेहेरबानी कर आणि त्याच्याखाली शब्दांत लिही, की बावखल बुजवायचं नाही.

ता. क. तिसरा : या पत्राचा फोटो शेजारची शॅनन तुला पाठवेल. उत्तरादाखल नुसता अंगठा आला, तर तू तुझा हिस्सा माझ्या नावावर केलास असं मी धरून चालेन.