सोनकीची ओळख

४ ऑगस्ट

सापडली! कालव्यापलीकडच्या दगडी उतारावर. वनस्पती-सर्वेक्षणाच्या बाईंनी बजावलं होतं, पिवळं दिसलं की सगळ्यांनाच सोनकी वाटते, घाई करू नकोस. म्हणून फूल उलटं केलं. खालच्या हिरव्या पट्ट्या एकाच रांगेत, टोकं जळक्या काडीसारखी काळी. सोनकीच! शेजारी तिची बिनपाकळ्यांची बहीण — नुसता पिवळा गोंडा. दोघीही इथल्याच, कुणी बाहेरून आणलेल्या नाहीत. यादीतली माझ्या हातची पहिली नोंद.

नोकरी सहा महिन्यांचीच. पण घरातल्या पहिल्या पदवीधराची! आईचं शिवणखान्यात सगळ्या जणींना सांगून झालंय.

९ ऑगस्ट

नमुन्यासाठी दाबून ठेवलेल्या रोपांचे ओले कागद आता आईच बदलते. कॉलरी शिवून शिवून तिची बोटं आखडलीत, पण एक पाकळी मुडपू देत नाही. आज माझं भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दिसलं गं काळं टोक." चौथी शिकलेली माझी आई!

मग मला जोर चढला. परक्या तणांवर अर्धा तास व्याख्यान — ती कशी पसरतात, गुरांना कशी बाधतात. आईनं विचारलं, "आणि ही?"

"ही आपली आहे, आई."

बाबा म्हणाले, पोरीनं गवताशीही सोयरीक जुळवली.

३० ऑगस्ट

उतारावरची वीसेक रोपं कुणीतरी कापून नेली. गुरांनी खाल्लेली नाहीत, कात्रीनं सरळ कापलीत. इतका राग आला! बाईंना कळवलं. पाटी लावायला हवी.

१९ सप्टेंबर

आईला जेवण जात नाही. पोट तटतटलंय. पित्त असेल म्हणते.

२३ सप्टेंबर

दवाखान्यात ठेवलंय. डोळे पिवळे झालेत. यकृतातल्या बारीक शिरा बंद होताहेत, असं डॉक्टर म्हणाले. कसला पाला, मुळी, काढा घेत होतात का, असं त्यांनी तीनदा विचारलं. आईनं तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

२४ सप्टेंबर

शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या मागे, डबा. आत वाळलेला चुरा. ताटात ओतला, भिंग लावलं. एकच रांग. टोकं काळी. दुसरं काहीतरी निघावं म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं.

दुसरं काही नव्हतं. शेजारी तिची कात्री.

पुस्तक काढलं. ओळख पटवायची खूण ज्या पानावर, त्याच्या पुढच्याच पानावर विषाचं लिहिलंय — देशी असो, परकी असो, सोनकीच्या गटातली झाडं पोटात गेली की यकृताला घातक. मी ओळखीपुरतंच वाचलं होतं.

२५ सप्टेंबर

डॉक्टरांना नाव सांगितलं. फार उशीर झालाय, असं ते म्हणाले नाहीत. फक्त मान हलवून लिहीत राहिले.

आईला विचारलं. गेला महिनाभर रोज सकाळी चहासारखं उकळून पीत होती. आखडलेल्या बोटांसाठी; अशा पाल्याच्या काढ्यानं सांधे मोकळे होतात, असं तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "तूच म्हणालीस ना, आपली आहे? मग ती कशी बाधेल, असं वाटलं."

मी रडायला लागले, तर तीच माझी समजूत घालायला लागली. मग माझं मनगट धरलं. "बाहेर कुणाला बोलू नकोस. कावीळ झाली म्हण. एवढं शिकून आईला विष दिलं, असं म्हणतील लोक. तुझी नोकरी जाईल."

मी नाही म्हणत होते. तिनं मनगट सोडलं नाही. शेवटी शब्द दिला.

२८ सप्टेंबर

बाबांनाही कावीळच सांगितली. ते तिच्यासाठी मोसंबी सोलत बसतात. ती खात नाही. तरी सोलतात.

३ ऑक्टोबर

आई गेली. दुपारी दोन वाजता.

५ ऑक्टोबर

उतार आता सगळा पिवळा झाला असेल. बाईंनी निरोप पाठवलाय, सावकाश ये. मला तिथे जायचं नाही. कुठल्याच झाडाचं नाव घ्यायचं नाही.

८ ऑक्टोबर

शिवणखान्यातल्या मावशी भेटायला आल्या. काज-बटणं करतात त्या, आईच्या शेजारी बसायच्या.  मला बरं वाटावं म्हणून त्यांनी आपली बोटं मिटून-उघडून दाखवली.

"तुझी आई आमच्यात आहेच गं. तिनं दिलेली पुडी मी रोज घेते. सांगायची, माझ्या लेकीनं पारखलेली आहे."

किती जणींना दिली, विचारलं.

सात.

बाबा समोरच होते. दोघांदेखत आईला दिलेला शब्द मोडला. मावशींकडून बाकीच्या सहा घरांचे पत्ते लिहून घेतलेत. निघते.