रुहीचं जावळ मामाच्याच मांडीवर

अमरदीप,

तुझा बाप रुहीला घेऊन जऊळक्याला तिच्या मामाकडे गेला आहे. आज तिचं जावळ काढणार, रीतीप्रमाणे मामाच्याच मांडीवर बसवून. तू म्हणशील, "मले न इचारता काहून नेलं?" विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून.

रुहीच्या बारशात मामानं तुझ्या नव्या मोटारसायकलीला खटारा म्हटलं. तेव्हापासून तुमचा अबोला वाढून राहिला, आणि पोरीचे केसही. काल डोळ्यांवर आलेल्या झिपऱ्यांपायी ती थेट बकरीवर जाऊन आदळली. बकरी मुकाट्यानं बाजूला सरकली. या घरात तेवढंही कोणाला जमत नाही.

उज्ज्वलावर चिडू नको. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिनं फक्त लेकीचे कपडे, दूध आणि भावासाठी चिवडा बांधून दिला.

संध्याकाळी मामा आमच्यासोबत जेवायला येतो आहे. वांगी चिरून ठेव. आम्ही ऑटोनं गेलो, पण तुझ्या गाडीची चावी खिशात नेली आहे. तो दारात आला की तुला गाडी काढून निघून जाता येणार नाही.

— बाबा