वैशाली मॅडमचं केळं

बुधवार, पाहुणे गेल्यावर

सगळे पोटभर जेवून गेले. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, दोन्ही पातेली रिकामी. हेडसर म्हणाले, "मॅडम, असं जेवण बुलढाण्यात कुठं भेटत नाही." खूश व्हायले पाहिजे मी. पण डोक्यात ते केळंच फिरून राह्यलं.

स्टाफरूममध्ये माझ्या बाजूले बसणाऱ्या वैशाली मॅडम आज पहिल्यांदा घरी आल्या. बुद्धाच्या फोटोखाली बसल्या आणि ताट पुढं येताच म्हणाल्या, "अगंबाई, मला उपवास आहे. एखादं केळं असेल तर द्या." भगर टाकते म्हटलं, तर तीही नको. पाणी पर्समधल्या बाटलीतलं. केळ्याले साल असते ना, आतल्या घासाले आमचा हात लागत नाही!

मग दुपारी शाळेत सगळ्यांसमोर पोळी-भाजी कोणी खाल्ली? उपवास काय आमच्या दारात लागला? सगळ्यांले माहीत होतं, सगळे खाली पाहून बट्टी चुरत राह्यले. आणि मी? हसत हसत केळं बशीत घालून दिलं. काऊन दिलं?

हे म्हणतात, "जाऊ दे ना, बाकीचे तर जेवले."

नाही जाऊ देत. माझ्या डब्यातलं त्यांनी कधीच घेतलं नाही, हे आज ध्यानात आलं. कधी तिखट चालत नाही, कधी वांगं. मी मात्र त्यांचं लोणचं कौतुकानं खात आले.

एक बट्टी झाकून ठेवली आहे. उद्या त्यांनी लोणचं पुढं केलं की म्हणीन, "मले उपवास आहे." आणि त्यांच्यासमोरच बट्टी खाईन.