शीतलच्या खोलीत बोललेलं

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मनोरीच्या शुश्रूषाकेंद्राला होकार कळवला. एक मार्चपासून खाट मिळेल. मग मुकुलला फोन — नेहमीप्रमाणे शीतलच्या खोलीतून. भांडुपच्या या घरात रेंज फक्त तिथल्या खिडकीत येते. धाकटा भाऊ असून त्याने सरळ विचारलं, "वहिनीला भेटायला किती वेळा जाशील?"

म्हटलं, "कुणाला भेटू रे? ती गेली त्या जुलैतच. हे नुसतं शरीर आहे."

शीतलचे डोळे उघडे होते. असतातच. मेंदूत रक्तस्राव झाला त्याला एकोणीस महिने झाले.

संध्याकाळी डॉ. गार्गी आली. अंधेरीच्या केंद्रात संशोधन करते. शीतलसारख्या पेशंटचे मेंदूचे स्कॅन हवे आहेत तिला. म्हणाली, "साखरेला किंचित किरणोत्सर्गी खूण लावून शिरेतून द्यायची, काका. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर ओढून घेतो. कुठले भाग एकमेकांच्या जोडीने ओढतात ते बघायचं. त्यावरून त्यांच्यातले संबंध शाबूत आहेत की तुटलेत ते कळतं."

"हिला उपयोग काय?"

"यांना कदाचित नाही. पुढच्यांना होईल."

खरं बोलली. सही केली.

११ फेब्रुवारी

सकाळपासून नळीने काही दिलं नाही. ॲम्ब्युलन्सने अंधेरी. इंजेक्शन देऊन पाऊण तास अंधाऱ्या खोलीत नुसतं झोपवून ठेवलं, मग मशीनमध्ये.

शीतलचं सगळं करणाऱ्या वनमालाबाई बरोबर होत्या. त्या एकदम गार्गीला म्हणाल्या, "ताईंना समजतं हां. कूस बदलू का विचारलं की वर बघतात." मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "दीड वर्षाची माया आहे, वाटतं त्यांना तसं." गार्गीने मात्र लिहून घेतलं.

१२ फेब्रुवारी

काही नाही. ऑफिस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

गार्गीने बोलावलं होतं. "काका, बसा आधी." पडद्यावर दोन मेंदू. एक निरोगी बाईचा, एक शीतलचा. शीतलच्या डाव्या बाजूला काळा खड्डा — तो माहीत होता. बाकीच्यावर ती बोट फिरवत राहिली. ऐकलेल्याचा अर्थ लावायला जे भाग एकत्र लागतात ते एकत्र काम करतायत. निरोगी माणसाच्या पुष्कळ जवळ.

"चुकलं असेल."

"मी दोनदा तपासलं. आमच्या प्रमुखांनी नाव न बघता वेगळं तपासलं."

"म्हणजे ती ऐकते?"

"नुसत्या स्कॅनवरून छातीठोकपणे नाही सांगता येत. पण त्या ऐकतायत असं धरूनच बोला. आजपासून."

आजपासून.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. कुठे म्हणून विचारलं तर ऑफिसचा पत्ता सांगितला. मरोळला उतरल्यावर लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी

काय काय बोललो त्या खिडकीत?

तिचे वडील गेले ऑगस्टमध्ये. नानांचं तिला सांगितलंच नाही आम्ही — कुणाला सांगायचं, असं वाटलं. पण तेराव्याच्या स्वयंपाकाचं मी त्या खिडकीतूनच ठरवलं. चाळीस पानं की पन्नास. जिलबी नको, नानांना आवडायची नाही. आपला बाप गेला हे तिला असं कळलं. पानांच्या आकड्यावरून.

आणि नळी तिसऱ्यांदा तुंबली त्या दिवशी — "एकदाची सुटलीस तर सगळेच सुटू." तिच्या तोंडावर म्हणालो होतो.

जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस तिच्या खोलीत गेलो नाही. दारापर्यंत जायचो आणि परत. आज वनमालाबाई म्हणाल्या, "बोला ना साहेब. नुसते उभे काय राहता?"

गेलो. "शीतल, नाना गेले. ऑगस्टमध्ये. मी सांगायला हवं होतं तुला."

डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डोळे कोरडे पडले की येतं, असं आजवर सगळे डॉक्टर सांगत आले. आज मला ठरवता येईना.

२७ फेब्रुवारी

गार्गी आज घरी आली. वर बघितलं तर हो, खाली बघितलं तर नाही — एवढं शिकवायला तास गेला. मधे दोनदा शीतल झोपली. मग प्रश्न.

"तुमचं नाव पद्मजा?" खाली.

"शीतल?" वर.

बारापैकी अकरा बरोबर. वनमालाबाईंनी एका शब्दानेही मला टोचलं नाही, तेच लागलं.

"कुठे दुखतंय का?" वर.

पायापासून एकेक नाव घेत गेलो. पाठ नाही. मान नाही. तोंड म्हटल्यावर वर. उजवी बाजू — वर.

वनमालाबाई हळूच म्हणाल्या, "त्या बाजूला ब्रश लावला की घाम फुटायचा त्यांना. मी पंखा वाढवायची."

२८ फेब्रुवारी

दाताचे डॉक्टर घरी येऊन गेले. दाढेखाली पू. किती दिवसांचं, विचारलं. "दिवसांचं नाही, महिन्यांचं."

मनोरीला नको म्हणून कळवलं. मुकुलला फोन करायला जिन्यात गेलो.

३ मार्च, सोमवार

शनिवारी दाढ काढली. "दुखतंय?" — आज पहिल्यांदा खाली.

रजा टाकलीय. दिवसभर खुर्ची घेऊन तिच्याजवळ. पेपर वाचून दाखवला. माफी मागितली, किती वेळा ते आठवत नाही. मग बोलतच सुटलो — लग्नानंतरची मुलुंडची खोली, तिची शाळा, माझं ऑफिस. एकोणीस महिन्यांचं राहिलेलं सगळं. बरं वाटलं. पुन्हा सुरू करता येईल असं वाटलं.

तिला काही विचारायचं राहिलंच.

४ मार्च

सकाळी विचारलं, "मी इथे बसलेलं चालेल ना?"

खाली.

चुकून झालं असेल म्हणून थांबलो. पुन्हा सावकाश, एकेक शब्द. खाली.

"वनमालाबाईंना पाठवू?"

वर. लगेच.

खुर्ची उचलून बाहेर आणली.